मूत्रपिंडातील अडथळा आणि डॉप्लरचा आकडा

प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. शरीराच्या वजनात जेमतेम अर्धा टक्का भरणाऱ्या या अवयवांना एवढा मोठा वाटा मिळतो, तो त्यांच्या स्वतःच्या पोषणासाठी नव्हे, तर रक्त गाळण्यासाठी. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा शोषला जातो आणि उरलेले दीड-दोन लिटर मूत्र, मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीत म्हणजे द्रोणीत जमून, पंचवीस ते तीस सेंटीमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीवाटे मूत्राशयात उतरते. मूत्रवाहिनीच्या भिंतीतील स्नायू आकुंचनाच्या लाटा निर्माण करून मूत्र खाली ढकलत असतात, त्यामुळे माणूस आडवा असला तरी हा प्रवाह थांबत नाही. या वाटेत मुतखडा अडकला, द्रोणी आणि मूत्रवाहिनी यांचा सांधा जन्मतःच अरुंद राहिला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मूत्रवाहिनीला वेढा घातला किंवा वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीने मूत्राशयाचे तोंड आवळले, तर मूत्राचा दाब मागे मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, आणि गाळण्याची क्रिया दाबाच्या ज्या फरकावर चालते तो फरकच कमी होऊ लागतो. पूर्ण अडथळा थोड्या दिवसांत दूर झाला तर मूत्रपिंड बहुतांशी सावरते. तोच कित्येक आठवडे राहिला तर गेलेली कार्यक्षमता परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. म्हणून अडथळा आहे की नाही, या प्रश्नाच्या उत्तराला वेळेची मर्यादा आहे.

साध्या सोनोग्राफीत या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. द्रोणी आणि तिला येऊन मिळणारे चषक मूत्राने फुगलेले असतील तर ते पडद्यावर काळ्या पोकळीसारखे स्पष्ट दिसतात. या अवस्थेला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात, आणि दवाखान्यात रुग्णाला तीच गोष्ट ‘किडनीला सूज आहे’ अशा शब्दांत सांगितली जाते. परंतु पोकळी रुंद असणे हा आकाराविषयीचा निष्कर्ष आहे आणि अडथळा ही प्रवाहाविषयीची घटना आहे; तलावाची रुंदी पाहून त्याचा सांडवा बंद आहे असे ठरवता येत नाही. मूत्राशयातून मूत्र उलटे वर चढत असेल, जुना अडथळा दूर होऊनही ताणलेली भिंत पूर्ववत झाली नसेल, द्रोणी मुळातच मूत्रपिंडाबाहेर मोठी असेल किंवा रुग्णाने भरपूर पाणी प्यायलेले असून मूत्राशय तुडुंब भरलेले असेल, तरीही पोकळी रुंद दिसते. उलट बाजूने, खडा अडकून काही तासच झाले असतील, रुग्णाच्या शरीरातील पाणी घटलेले असेल किंवा मूत्रवाहिनीभोवती तंतुमय ऊतकाचा थर जमून ती फुगूच शकत नसेल, तर अडथळा पूर्ण असूनही पोकळी जवळजवळ नेहमीसारखी दिसते. या दोन्ही चुका महाग पडतात, कारण पहिलीमुळे नको असलेली शस्त्रक्रिया होते आणि दुसरीमुळे हवी असलेली राहून जाते.

आकाराऐवजी प्रवाह मोजण्याचे मार्ग, ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीच्या आधीही होते. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत १९२९ पासून रूढ झाली आणि अनेक दशके तिचाच आधार होता. इंग्लंडमधील रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या चाचणीत पाठीतून द्रोणीत बारीक नळी घालून ठरावीक वेगाने द्रव सोडतात आणि आत दाब किती चढतो ते मोजतात. किरणोत्सारी द्रव्य देऊन, मूत्र वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइड या औषधाच्या साहाय्याने मूत्रपिंड रिकामे होण्याचा वेग मोजणारी रिनोग्राफी ही त्याहून सौम्य चाचणी असून आजही तिचा मान मोठा आहे. या सर्व चाचण्यांत सुई, औषध, किरणे किंवा वेळ यांपैकी काहीतरी खर्ची पडते, आणि म्हणूनच केवळ डॉप्लर सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून तेच उत्तर मिळू शकेल ही शक्यता १९८० च्या दशकात पुढे आली तेव्हा तिचे मोठे स्वागत झाले.

ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये आपले तत्त्व मांडले, ते जोडताऱ्यांच्या रंगांविषयी होते. ताऱ्यांच्या रंगांचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण टिकले नाही, परंतु लहरींचा उगम आणि निरीक्षक एकमेकांकडे सरकत असतील तर वारंवारता वाढते आणि दूर जात असतील तर घटते, हा गाभा टिकला. बाइस बॅलट यांनी १८४५ मध्ये हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत तो पडताळून पाहिला. सोनोग्राफीत हेच तत्त्व तांबड्या रक्तपेशींना लागू होते. प्रोबमधून ३.५ मेगाहर्ट्झची ध्वनिलहर निघाली, शरीरात ती सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने गेली आणि सेकंदाला ४० सेंटीमीटर वेगाने थेट प्रोबकडे येणाऱ्या रक्तावरून परतली, तर तिच्या वारंवारतेत सुमारे १,८०० हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक माणसाच्या कानाला सहज ऐकू येणाऱ्या टप्प्यात असल्यामुळे डॉप्लर यंत्रातून नाडीचा फुत्कार ऐकू येतो, आणि अनुभवी तपासनीस पडद्याकडे न पाहताही धमनी कोणत्या प्रकारची आहे हे बऱ्याचदा ओळखतो.

मूत्रपिंडाची धमनी ही कमी विरोधाची धमनी आहे. हाता-पायांच्या धमन्यांत हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या काळात प्रवाह जवळजवळ थांबतो किंवा क्षणभर उलटतो, पण मूत्रपिंडात तो त्या काळातही पुढे चालूच राहतो, कारण पलीकडील सूक्ष्म रक्तवाहिन्या खुल्या असतात. म्हणजे पलीकडे विरोध वाढला तर त्याची खूण आधी या विश्रांतीकाळच्या प्रवाहावर उमटायला हवी. फ्रान्सचे लेआंद्र पुर्सेलो यांनी १९७४ मध्ये हा विचार एका साध्या गुणोत्तरात बसवला: ठोक्याच्या वेळचा कमाल वेग घ्यावा, त्यातून विश्रांतीच्या शेवटी उरलेला वेग वजा करावा आणि आलेल्या संख्येला कमाल वेगाने भागावे. या संख्येला रेझिस्टिव्ह इंडेक्स म्हणतात, आणि रिपोर्टमध्ये ती आर.आय. या अक्षरांनी लिहिलेली असते. कमाल वेग ४० आणि शेवटचा वेग १६ असेल तर निर्देशांक ०.६० येतो, शेवटचा वेग १० वर उतरला तर तोच ०.७५ होतो. या गुणोत्तराचे खरे सौंदर्य वेगळ्याच ठिकाणी आहे. मूत्रपिंडातील बारीक धमन्या वाकड्यातिकड्या असल्यामुळे ध्वनिलहर त्यांना कोणत्या कोनात भेटते हे नेमके कळत नाही, आणि कोन चुकला की वेगही चुकतो; परंतु दोन्ही वेगांत चूक एकाच प्रमाणात शिरत असल्यामुळे भागाकारात ती आपोआप निघून जाते. ज्या मोजमापात कोनाची चिंता नाही ते कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही यंत्रावर करता येईल, असा विश्वास यातूनच निर्माण झाला.

अडथळा आल्यावर विरोध का वाढावा, याचे उत्तर प्राण्यांवरील प्रयोगांतून आधीच हाती आलेले होते, आणि डॉप्लरचे यश व अपयश दोन्ही त्याच उत्तरात दडलेले आहे. एका बाजूची मूत्रवाहिनी अचानक बंद केली तर पहिल्या तास-दोन तासांत मूत्रपिंडातील रक्तप्रवाह घटत नाही, उलट वाढतो, कारण प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये गाळणीकडे येणाऱ्या धमनिका रुंद करून गाळण्याची क्रिया टिकवून धरण्याचा प्रयत्न करतात. त्यानंतरच्या काही तासांत मूत्रवाहिनीतला दाब चढलेलाच असतो, पण रक्तप्रवाह उतरू लागतो. अँजिओटेन्सिन, थ्रॉम्बॉक्सेन आणि एन्डोथेलिन ही धमन्या आवळणारी द्रव्ये आता वरचढ झालेली असतात. साधारण पाच तासांनंतर दाब आणि प्रवाह दोन्ही उतरतात, कारण रक्तच कमी येत असल्याने गाळलेले मूत्रही कमी होते. म्हणजे अडथळ्याने मूत्रपिंडात उमटणारा प्रतिसाद ही एक स्थिर अवस्था नसून तासागणिक बदलणारा घटनाक्रम आहे, आणि डॉप्लर या घटनाक्रमातील ज्या क्षणी पोटावर ठेवला जातो त्या क्षणाचेच चित्र देतो. पहिल्या तासांत घेतलेला निर्देशांक सर्वसाधारण येऊ शकतो, आणि त्यात यंत्राचा किंवा तपासनिसाचा काहीही दोष नसतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जोएल प्लॅट, जोनाथन रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी या विषयाला आकार दिला. रुंद पोकळीच्या मूत्रपिंडांचे त्यांनी दोन गट पाहिले. अडथळा सिद्ध झालेल्या गटात सरासरी निर्देशांक ०.७७ च्या आसपास होता, अडथळा नसलेल्यांत तो ०.६३ च्या आसपास होता, आणि ०.७० ही सीमारेषा धरल्यास बहुतेक मूत्रपिंडे योग्य बाजूला पडत होती. अडथळा असलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के त्या रेषेने पकडली गेली. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढे सुटसुटीत उत्तर मिळते आहे, हे पाहून जगभरच्या विभागांत ०.७० हा आकडा पाठ झाला. कोणत्याही वैद्यकीय आकड्याच्या वाट्याला येणारी सर्वांत धोक्याची गोष्ट हीच असते, कारण पाठ झालेला आकडा ज्या रुग्णांवर सिद्ध झाला त्यांच्यापासून सुटतो आणि सर्वांना लागू असल्यासारखा वापरला जातो.

पुढच्या काही वर्षांत तेच घडले. मिचेल टब्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मुतखड्याच्या तीव्र कळांनी आलेल्या रुग्णांत हीच पद्धत वापरून पाहिली, तेव्हा निम्म्याहूनही कमी अडथळे पकडले गेले. कारण उघड होते. पहिल्या अभ्यासांतील रुग्णांत बरेचसे अडथळे ठळक आणि काही काळ टिकलेले होते, तर कळा घेऊन आलेल्या रुग्णांत खडा अनेकदा अर्धवट अडकलेला होता आणि वेळ थोडा झालेला होता. शिवाय इतर अभ्यासांतून आणखी अडचणी पुढे आल्या. वयस्क, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णांत धमन्या कडक झालेल्या असल्यामुळे अडथळा नसतानाही निर्देशांक ०.७० ओलांडतो. हृदयाचे ठोके मंद असतील तर दोन ठोक्यांतील वेळ लांबतो, तेवढ्या वेळात वेग अधिक उतरतो आणि निर्देशांक वाढतो. रुग्ण वेदनेने श्वास रोखून धरत असेल किंवा प्रोब जास्त दाबला गेला असेल तरीही तो वाढतो. कळांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध प्रोस्टाग्लँडिन कमी करून आराम देते, पण रक्तवाहिन्यांच्या प्रतिसादाचा क्रम त्यामुळे बदलतो आणि निर्देशांकातला फरक बुजू शकतो. इंजेक्शन देऊन मग सोनोग्राफीला पाठवलेल्या रुग्णाचा आकडा वाचताना ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे, आणि ती रिपोर्टच्या विनंतीपत्रावर क्वचितच लिहिलेली असते.

यापुढचा टप्पा अधिक आदरणीय आहे. रोनाल्ड ब्यूड आणि पहिल्या अभ्यासातलेच रुबिन यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत नळ्यांची रचना करून, विरोध आणि नळीच्या भिंतीची लवचीकता हे दोन घटक वेगवेगळे बदलून पाहिले. त्यांना असे आढळले की भिंत लवचीक असेल तरच निर्देशांक विरोधाप्रमाणे बदलतो. लवचीकता जसजशी कमी होते तसतसा निर्देशांकाचा विरोधाशी संबंध क्षीण होतो, आणि भिंत पूर्ण ताठ असेल तर विरोध कितीही वाढवला तरी निर्देशांक हलत नाही. म्हणजे ज्याच्या नावातच विरोध आहे तो निर्देशांक निव्वळ विरोध मोजतच नव्हता. सशाच्या शरीराबाहेर ठेवलेल्या मूत्रपिंडावर द्रोणीतील दाब वाढवून केलेल्या प्रयोगांनीही याच दिशेने बोट दाखवले. आतील दाबाने मूत्रपिंडाचे ऊतक ताणले जाते, धमन्यांना फुलण्यास जागा उरत नाही आणि त्यामुळेही निर्देशांक वाढतो. पुढे २००३ मध्ये टब्लिन, ब्यूड आणि प्लॅट यांनी एकत्र येऊन या निर्देशांकाच्या मर्यादांचा सविस्तर आढावा लिहिला. ज्याने आकडा दिला, ज्याने त्याच्यावर प्रश्न उभे केले आणि ज्याने त्याचे भौतिकशास्त्र उलगडले, ते तिघे एकाच लेखाखाली सही करतात, ही घटना वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शरीरशास्त्राइतकीच शिकवली जायला हवी.

या सगळ्याचा अर्थ डॉप्लर निरुपयोगी ठरला असा काढणे चूक आहे. निर्देशांक अडथळा दाखवत नाही, अडथळ्याला मूत्रपिंडाने दिलेला प्रतिसाद दाखवतो, एवढे मान्य केले की त्याचा योग्य उपयोग सुरू होतो. रुग्णाची तुलना छापील सीमारेषेशी करण्यापेक्षा त्याच्याच दुसऱ्या मूत्रपिंडाशी केली तर वय, रक्तदाब, नाडीचा वेग आणि औषध हे घटक बऱ्याच अंशी दोन्ही बाजूंना सारखेच राहतात. दोन बाजूंतील निर्देशांकांत ०.०६ ते ०.१० इतका फरक असेल तर, दोन्ही आकडे ०.७० च्या खाली असले तरी, तो गांभीर्याने घ्यावा असे अनेक अभ्यास सांगतात. अर्थात दोन्ही बाजूंना अडथळा असेल किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल तर ही तुलना हातून जाते. तपासणीची शिस्त त्यामानाने थोडक्यात सांगता येते: मूत्रपिंडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातील आंतरखंडीय किंवा कमानी धमन्यांवर, रुग्णाला शांत श्वास घेऊ देऊन, वेगाची पट्टी शक्य तितकी खाली ठेवून मोजमापे घ्यावीत आणि त्यांची सरासरी धरावी.

डॉप्लरचा दुसरा उपयोग मूत्रपिंडापासून दूर, मूत्राशयात आहे, आणि या विषयातला तो कदाचित सर्वांत सुंदर भाग आहे. मूत्रवाहिनीच्या प्रत्येक लाटेबरोबर मूत्राची एक चिळकांडी मूत्राशयाच्या तळाशी असलेल्या छिद्रातून आत येते, आणि रंगीत डॉप्लरमध्ये ती तिरप्या झोतासारखी क्षणभर उजळते. हिलाच जेट म्हणतात. रुग्णाला पाणी पाजून, मूत्राशय माफक भरू देऊन काही मिनिटे दोन्ही छिद्रांकडे पाहत राहिले तर दोन्ही बाजूंनी जेट आलटून पालटून दिसतात. एका बाजूने ते येतच नसतील, किंवा लांबट, मंद आणि सतत झिरपल्यासारखे असतील, तर त्या बाजूला महत्त्वाचा अडथळा असण्याची शक्यता वाढते. दोन्ही बाजूंनी जोमदार जेट दिसले तर पूर्ण अडथळा नाही असे म्हणता येते, अर्धवट अडथळा मात्र यातूनही निसटू शकतो.

गरोदर स्त्रीच्या तपासणीत या निरीक्षणाचे मोल विशेष आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिनीचे स्नायू सैल होतात, वाढते गर्भाशय बहुधा उजवीकडे झुकते आणि मूत्रवाहिनीवर दाब येतो, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत बहुसंख्य स्त्रियांच्या उजव्या मूत्रपिंडाची पोकळी कमी-अधिक रुंद होतेच. अशा स्त्रीला पोटात कळ येते तेव्हा रुंदी नैसर्गिक आहे की खड्यामुळे, हे ठरवायचे असते, आणि क्ष-किरण किंवा सी.टी. स्कॅन शक्यतो टाळायचा असतो. तिला दुसऱ्या कुशीवर वळवून गर्भाशयाचा दाब कमी केल्यानंतरही दुखऱ्या बाजूचा जेट दिसत नसेल आणि त्या बाजूचा निर्देशांक दुसऱ्या बाजूपेक्षा चढलेला असेल, तर खड्याचा संशय पुराव्यावर उभा राहतो.

मुतखडा शोधण्यातही रंगीत डॉप्लर मदत करतो, तो मात्र एका आभासाच्या रूपाने. खडबडीत पृष्ठभागाच्या खड्यामागे लाल-निळ्या रंगांची चमचमती पट्टी दिसते, जेथे प्रत्यक्षात कोणताही प्रवाह नसतो. १९९६ मध्ये नोंदवल्या गेलेल्या या आभासाला ट्विंकलिंग म्हणतात, आणि खड्याच्या बारीक फटींत अडकलेले सूक्ष्म बुडबुडे त्याचे कारण असावेत असे पुढील संशोधनातून दिसते. साध्या सोनोग्राफीत न ओळखता येणारा मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाचा छोटा खडा या चमचमीमुळे हाती लागतो.

सी.टी. स्कॅन खडा दाखवण्यात सोनोग्राफीपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. तरीही २०१४ मध्ये अमेरिकेतील पंधरा रुग्णालयांतून २,७५९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, मुतखड्याच्या संशयाने आलेल्यांची आधी सोनोग्राफी केली काय किंवा आधी सी.टी. केला काय, निदान चुकून झालेल्या गंभीर गुंतागुंतींच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांना किरणे कमी मिळाली. भारतात हा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण राजस्थान, गुजरातपासून महाराष्ट्राच्या काही भागांपर्यंत पसरलेल्या मुतखड्याच्या पट्ट्यात एकाच माणसाला आयुष्यात अनेकदा तपासणीला यावे लागते आणि दर वेळी किरणे देणे योग्य नसते. गर्भलिंगनिदानासाठी सोनोग्राफीसारख्या तंत्रांचा गैरवापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला आणि आज प्रत्येक यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. हे बंधन आवश्यकच आहे, आणि त्याच्या चौकटीत राहून तालुक्याच्या रुग्णालयातील नोंदणीकृत यंत्रावर डॉप्लर जाणणारा माणूस असावा, ही मागणीही तितकीच आवश्यक आहे.

या विषयातील सर्वांत कठीण निर्णय तान्ह्या बाळांच्या बाबतीत घ्यावे लागतात. गर्भावस्थेतील सोनोग्राफीतच ज्यांच्या मूत्रपिंडाची पोकळी रुंद आढळते अशा बाळांपैकी बहुतेकांची रुंदी जन्मानंतर आपोआप ओसरते, पण काहींच्या द्रोणी-मूत्रवाहिनी सांध्यात खरा अडथळा असतो आणि शस्त्रक्रिया लांबवली तर मूत्रपिंड खराब होते. येथे ०.७० हा आकडा उपयोगाचा नाही, कारण पहिल्या वर्षात निरोगी बाळाचा निर्देशांकही त्याच्या वर असतो आणि प्रौढांच्या पातळीवर येण्यास त्याला काही वर्षे लागतात. फ्युरोसेमाइड देऊन, मूत्राचा ओघ वाढवून, औषधाआधीचा आणि नंतरचा निर्देशांक दोन्ही बाजूंना मोजण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरून पाहिली गेली आहे. खऱ्या अडथळ्याच्या बाजूला आकडा चढतो, सैल पण मोकळ्या द्रोणीच्या बाजूला तो फारसा हलत नाही, अशी तिच्यामागची अपेक्षा आहे. परंतु एकाच तपासणीवर निर्णय घेण्याची मुभा ती देत नाही. म्हणून बाळाच्या फाइलमध्ये दर भेटीला द्रोणीची रुंदी, ऊतकाची जाडी, दोन्ही बाजूंचे निर्देशांक, तपासणीच्या वेळी बाळ रडत होते की झोपले होते आणि त्याआधी किती दूध प्यायले होते, एवढे लिहून ठेवावे, आणि आकड्यांची ही रांग रिनोग्राफीच्या निष्कर्षाशेजारी ठेवून बालशल्यविशारदाने पुढचा निर्णय घ्यावा.